बायपासनंतर ‘अल्ब्युमिनच मागा’ म्हणे!

बायपास झालेल्या पेशंटच्या नातेवाईकांसाठी म्हणून एक मेसेज फिरतोय: सलाईन म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, आरएल (रिंगर लॅक्टेट, क्षारांची दुसरी बाटली) त्यातल्या पोटॅशियममुळे किडनीला विष, हट्टाने अल्ब्युमिनच (रक्तातल्या प्रोटीनची महागडी बाटली) मागा आणि बाटल्या जास्त चढल्या की पेशंट लवकर उठतो. एकेक बघू.

‘मिठाचं पाणी’ हे खरंच आहे. लिटरमागे 154 मिलीमोल क्लोराईड, रक्तात असतं शंभरच्या आसपास, त्यामुळे लिटरवर लिटर ओतलं तर रक्तात आम्ल वाढतं, म्हणून बरेच डॉक्टर कमी क्लोराईडचं आरएल किंवा प्लाझ्मालाइट लावतात. पण एखाद्या बाटलीने काही बिघडत नाही, उगाच सिस्टरशी भांडू नका.

‘आरएलमधलं पोटॅशियम’ लिटरला 4 मिलीमोल, म्हणजे नॉर्मल रक्ताइतकंच! किडनी ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्ये सलाईन आणि आरएलची तुलना केली, 2005 मध्ये छापून आलीय, त्यात पोटॅशियम उलट सलाईनवाल्यांचं चढलं होतं.

आता अल्ब्युमिन, खिसा इथेच रिकामा होतो. ‘ताकद येते’ म्हणतात, तर 20 टक्क्यांच्या 100 मिलीच्या बाटलीत प्रोटीन 20 ग्रॅम, तीन अंड्यांएवढं, आणि ते काही जेवण म्हणून देतच नाहीत. हेलसिंकीत हार्ट सर्जरीच्या 1386 पेशंटवर 4 टक्के अल्ब्युमिन विरुद्ध रिंगर असिटेट (आरएलसारखंच क्षारांचं पाणी) असा ट्रायल झाला, 2022 मध्ये निकाल आला, मोठे त्रास अल्ब्युमिनने कमी झाले नाहीत आणि ब्लीडिंग त्याच गटात जास्त होतं. काही ठराविक पेशंटला डॉक्टर विचार करून देतात ते वेगळं, पण चिठ्ठी नसताना मेडिकलवाल्याकडे धावायचं कारण नाही.

‘जास्त बाटल्या’ हा मुद्दा सगळ्यात धोक्याचा. ऑपरेशनमध्येच अंगात पाणी साठलेलं असतं, वजन वाढतं, मग लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) देऊन ते काढावं लागतं, वर आणखी ओतलं तर फुफ्फुसात पाणी आणि व्हेंटिलेटर लांबतो. बीपी पडलं म्हणजे पाणी कमी पडलं असंही नसतं, अंग गरम होताना रक्तवाहिन्या सैलावतात, तिथे नॉरअॅड्रेनॅलिन (रक्तवाहिन्या आवळणारं औषध) लागतं. म्हणून आधी पाय उचलून बघतात, पायातलं रक्त हृदयाकडे येतं, त्याने हृदयाचं पंपिंग वाढलं तरच थोडं फ्लुइड देऊन परत तपासतात. आणि छातीतल्या ड्रेनमधून (साचलेलं रक्त बाहेर काढणारी नळी) येणारं रक्त अचानक बंद, सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) वर, बीपी खाली असं झालं तर हृदयाभोवती रक्त साचलंय का ते आधी बघतात, साचलं असेल तर पेशंटला परत ओटीत न्यावं लागतं, नुसत्या बाटलीने तिथे भागत नाही.