डीपीआय 600 केल्याने सगळे सुधारत नाही

पीडीएफची जेपीजी करताना अक्षरे तुटली, रेषा गायब झाल्या किंवा पान काळे पडले, तर ‘डीपीआय 600 करा, सगळे ठीक होईल, तरीही न झाल्यास मूळ पीडीएफच खराब समजा’, असा सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो. त्याला ‘आपल्या स्क्रीनवर नीट दिसते म्हणजे फाँट पीडीएफमध्ये आहेतच’ अशी पुस्तीही जोडलेली असते. या तिन्ही विधानांत अर्धसत्य आहे, आणि त्यापायी माणसे भलत्याच जागी तासन्‌तास घालवतात.

डीपीआयचे काम एवढेच, की एका इंचात किती ठिपके पाडायचे हे ठरवणे. ए-4 पान 72 डीपीआयला 595 × 842 ठिपक्यांचे होते, 300 ला 2480 × 3508 चे. अक्षरे नुसती धूसर असतील तर हा आकडा वाढवल्याने ती नक्की सुधारतात. (इमेजमॅजिक हे लिखित आज्ञांवर चालणारे रूपांतराचे साधन वापरणाऱ्यांनी डेन्सिटीचा, म्हणजे डीपीआयचा, आकडा आज्ञेत फाइलच्या नावाआधी लिहावा, नंतर लिहिला तर पान आधीच 72 ला रंगवून झालेले असते.) पण स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफमध्ये मूळ चित्रच 150 चे असेल, तर 600 मागून त्याच ठिपक्यांचे तुकडे मिळतात. तक्त्याच्या रेषांचे तर उलटेच होते. शून्य जाडीची रेषा म्हणजे यंत्राला काढता येईल तितकी बारीक, अर्थात एक ठिपका, असा पीडीएफचा नियम आहे. त्यामुळे 600 ला ती इंचाचा सहाशेवा भाग उरते आणि चित्र लहान करताच पुसट किंवा नाहीशी होते. येथे खात्रीचा उपाय म्हणजे मूळ फाइलमध्ये रेषेला जाडी देणे.

गेल्या वर्षी घरातल्या एका लग्नपत्रिकेची जेपीजी काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर आली. छपाई करून देणाऱ्याने सल्ल्याप्रमाणे 300 चे 600 केले, तेव्हा काळेपण तेवढे अधिक रेखीव झाले. पत्रिकेची पार्श्वभूमी पारदर्शक होती. जेपीजीत पारदर्शकता साठवण्याची सोयच नसल्याने रिकामी जागा काळी भरली गेली होती. आधी पांढरा थर घालून मग जेपीजी करताच पत्रिका ठीक झाली, तीही 150 ला.

फाँटविषयीची पुस्ती मराठी मजकुराला सर्वांत जास्त नडते. आपल्या संगणकावर फाँट बसवलेला असतो, म्हणून तो फाइलमध्ये नसला तरी पान नीट दिसते. दुसऱ्या यंत्रावर तोच मजकूर विस्कटतो. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत देवनागरी अक्षरे रोमन कळांच्या जागी बसवलेली आहेत. फाँट हरवला, की ‘म’च्या जागी रोमन ‘ई’ आणि ‘ह’च्या जागी ‘जी’ उमटतो. अॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमधला फाँट्स हा भाग उघडावा. नावापुढे ‘एम्बेडेड’, म्हणजे फाइलमध्येच साठवलेला, असे नसेल, तर दोष तेथेच सापडला.

युनिकोड मजकुरात, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक असलेल्या आजच्या पद्धतीत, ‘विनंती’चे ‘वनिंती’ झाले, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकली, तर कारण निराळे असते. पीडीएफमध्ये अक्षररूपे आपापल्या जागी बसवूनच साठवलेली असतात. तेव्हा ही चूक बहुधा वर्डवरून पीडीएफ बनवतानाच, जोडाक्षरे व मात्रा जुळवता न येणाऱ्या साधनाने केलेली असते. अशी पीडीएफ नव्याने बनवावी लागते.

रंग भडक किंवा उलटे आले, तर बहुधा छपाईसाठीचे चार शाईंचे रंग पडद्यासाठीच्या तीन रंगांत नीट रूपांतरित झालेले नसतात. तेथे डीपीआयचा संबंधच येत नाही.

राहिले ‘मूळ पीडीएफच खराब’ हे विधान. तसे ठरवण्याआधी तीच फाइल घोस्टस्क्रिप्ट आणि पॉपलर अशा, पीडीएफचे चित्र बनवणाऱ्या दोन वेगळ्या साधनांतून काढून पाहावी. एकात दोष दिसला आणि दुसऱ्यात नाही, तर फाइलला नावे ठेवू नयेत. रंगीत पट्ट्यांमध्ये दिसणाऱ्या केसाएवढ्या पांढऱ्या रेघा हे याचे उत्तम उदाहरण. शेजारशेजारच्या आकृत्यांच्या कडा स्वतंत्रपणे गुळगुळीत केल्या जातात आणि मधून मागचा कागद डोकावतो. फाइलमध्ये मात्र फट नसते. गंमत म्हणजे, 600 चा आकडा येथे खरोखर कामी येतो, पण कडा गुळगुळीत करण्याची सोय बंद ठेवून चित्र काढले आणि मग ते अर्ध्यावर आणले तरच.