पेशंटशी नातं काय?

आज सकाळी एक ओळखीतला माणूस सहज बोलून गेला, "लग्न करायचं नव्हतं ना तिला, मग आता हक्क कसले मागतेय?" चारचौघांत तमाशा नको म्हणून गप्प बसले, पण दिवसभर डोकं फिरलंय.

'ती' म्हणजे माझी मैत्रीण. 11 वर्षं ती आणि तिचा जोडीदार एका घरात राहिले, लग्न न करता. गेल्या वर्षी एका रात्री त्याच्या छातीत दुखायला लागलं, हिनेच धावपळ करून हॉस्पिटलमध्ये नेलं, फॉर्म भरायला घेतला आणि 'पेशंटशी नातं' या रकान्यापाशी पेन थांबलं. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, मिसेस का? हो म्हणून टाकता आलं असतं. नाही म्हणाली. मग घरच्यांना बोलवा, सही त्यांचीच लागेल. त्याचा भाऊ आला, ज्याने सहा वर्षांत साधा फोन केला नव्हता तो! सही केली. डॉक्टरांनी विचारलं कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, तर हा हिच्या तोंडाकडे बघतोय.

आणि लिव्ह-इन बेकायदेशीर आहे म्हणणाऱ्यांनो, नाहीये. दोन सज्ञान माणसं राजीखुशीने एकत्र राहिली तर गुन्हा नाही, सुप्रीम कोर्टाने सांगून झालंय. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लग्नासारखं नातंही धरलंय. म्हणजे त्याने हिला मारलं असतं, घराबाहेर काढलं असतं, तर कायदा हिच्या बाजूने उभा राहिला असता. त्याने 11 वर्षांत आवाज चढवला नाही, म्हणून ही कायद्याला दिसतच नाही! आता तो गेला. त्याचे आई-वडील नाहीत, मूल नाही, हिंदू वारसा कायद्यात लग्न न केलेल्या जोडीदाराला जागा नाही, मग वारस कोण, तर भाऊ. उत्तराखंडात 2025 पासून लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची केलीय, नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग, माहिती पोलीस ठाण्यातही जाणार. एवढं करून वारसांच्या यादीत नाव? ते नाहीच.

मान्य, त्याने मृत्युपत्र करायला हवं होतं. करू करू म्हणत राहिला, मीही कधी मागे लागले नाही, ते माझ्याही मनाला लागून आहे. आणि हो, जबाबदारी नको म्हणून लिव्ह-इनमध्ये राहणारे पुरुष असतात, घरी बायको असताना दुसरीकडे संसार थाटणारेही असतात. अशा दुसऱ्या बाईला 2013 मध्ये कोर्टाने संरक्षण नाकारलं, त्यात त्या पहिल्या बायकोची बाजू मला कळते. पण इथे कोणाचा संसार मोडला होता?

लग्न का नाही केलं हे मी तिला कधी विचारलं नाही. दोघांचं ठरलं होतं, बास. त्याचा चष्मा अजून तिच्या उशाशी आहे, काचा पुसलेल्या असतात, मी बघितलंय.

काल भावाचा मेसेज आला, महिनाअखेर घराची किल्ली द्या. तिने 'बरं' एवढंच लिहिलं. मला म्हणाली, भांडायचं नाहीये गं, फक्त त्याची पुस्तकं न्यायला विचारू का?

स्वतःच्या घरातली पुस्तकं न्यायला ही परवानगी मागणार! रविवारी खोके घेऊन मी जातेय तिच्याकडे.