खंड्याविषयी पुन्हा एकदा: लोह्याकडच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

आमच्या खंड्या कुत्र्याला इंजेक्शनने झोपवल्याचा माझा लेख वाचून तुम्ही रागावून लिहिलंत. त्या प्रतिक्रियेतली शेवटची ओळ आधी घेते, रागाचं मागून बोलू. तुम्ही लिहिलंत, "माझ्याही आखाड्यावर चौदा वर्षांची कुत्री आहे. चार दिवस झाले, भाकरीला तोंड लावत नाही, नुसतं पाणी पिते. मी रोज तिच्याजवळ बसतो, सुई टोचून मोकळा होत नाही."

काका, तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेलं नसेल आणि गेल्या दीड-दोन महिन्यांत ती माजावर येऊन गेली असेल, तर तिच्या गर्भाशयात पू झालेला असू शकतो. वयस्क कुत्र्यांना हा आजार बऱ्याचदा होतो. खाणं सुटतं, पाणी मात्र सारखं लागतं, उलट्या होतात, पोट तटतटतं. शेपटीखाली घाण दिसली तर निदान कळतं तरी. कधी कधी काहीच बाहेर येत नाही आणि ते जास्त वाईट. वेळेत गर्भाशय काढलं तर म्हातारी कुत्रीसुद्धा वाचू शकते. दिवस गेले तर विष अंगात भिनतं. तसं नसेल तर गोचीड ताप असेल, नाहीतर एखादी दाढ सडली असेल. ओठ उचलून हिरड्या बघा, पांढऱ्या पडल्यात का. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा; जरूर पडली तर उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. माझं पुढचं लिहिणं उद्या वाचलंत तरी चालेल, तिला आज गाडीत घाला.

आता तुमचा राग. इतर वाचकांसाठी दोन ओळींत सांगते. खंड्या आमचा कारवानी जातीचा कुत्रा, तेरा वर्षांचा. त्याच्या किडन्या निकामी झाल्या आणि यंदा फेब्रुवारीत डॉक्टरांना आखाड्यावर बोलावून आम्ही त्याला इंजेक्शनने कायमचं झोपवलं, हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं की, तेरा वर्षं राखण केलेल्या जिवाला मारलंत आणि वर त्याला 'निरोप' म्हणता. जन्ममरण हातात घेणारे तुम्ही कोण? ही संतांची भूमी आहे. आमच्याकडे कुत्रं म्हातारं झालं की आपसूक जातं. शहरात राहायला गेलं की माणसाला म्हातारा जीव जड होतो. आणि जिथं शेतकरी फास लावून घेतोय तिथं कुत्र्यासाठी एवढं रडणं शोभत नाही.

फासाचं म्हणाल तर माझे वडील कोरडवाहू शेतकरी आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्या परभणी भागातही विहिरी तळाला गेल्या होत्या. आबा टँकरवरून दोन घागरी आणायचे. पहिलं पाणी देवणी गायीला, मग खंड्याच्या पत्र्याच्या डब्यात, उरलेलं आम्हाला. शेतकऱ्याच्या दुःखातून जनावराचं दुःख वजा करता येतं, हे मला त्या घरात कुणी शिकवलं नाही.

'तुम्ही कोण' हा प्रश्न मात्र मला झोपू देत नव्हता, तुम्ही विचारण्याच्या आधीपासून. २०११ साली माळेगावच्या यात्रेतून, म्हणजे तुमच्याच उंबऱ्यावरून, आबांनी खंड्याला आणलं. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू, टॉवेलात गुंडाळलेलं. खंडोबाच्या यात्रेतला म्हणून खंड्या. त्याला आईपासून तोडताना आम्ही कुणाला विचारलं नाही. कुठं राहायचं, काय खायचं, कधी बांधायचं, कधी सोडायचं, कोणती लस टोचायची, सगळं आम्हीच ठरवलं. तेरा वर्षं त्याचं जगणं आमच्या हातात होतं. शेवटच्या महिन्यात त्याला उठता येईना, तेव्हा हात वर करून 'आता देव बघेल' म्हणणं मला जमलं नाही.

त्याचं काय झालं होतं ते मागच्या लेखात मी भरभर लिहिलं, ती माझी चूक. कुत्र्याच्या किडन्यांचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग गेल्याशिवाय बहुतेकदा बाहेर काही दिसत नाही. दिवाळीनंतर तो पाणी जास्त पिऊ लागला, रात्रीतून तीनदा लघवीला उठायचा. आम्हाला वाटलं वय झालं. रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडन्यांनी बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, सातच्या वर होतं. निरोगी कुत्र्याचं साधारण दीडच्या आत असतं. आठ दिवस सलाइन लावलं, जरा सुधारला, शेपटी हलवून भाकर खाल्ली. मग पुन्हा उलट्या. तोंडात फोड आले, श्वासाला अमोनियासारखा वास यायला लागला. सव्वीस किलोचा कुत्रा सोळा किलोवर आला. कारवानी मुळातच सडपातळ. पण आता बरगड्यांमध्ये बोट बसत होतं. मागच्या पायांत जीव नव्हता. उठायला जायचा, पडायचा, आणि पडल्याची त्याला लाज वाटायची. हो काका, लाजच. मान दुसरीकडे वळवून बसायचा.

डॉक्टरांनी एक साधी गोष्ट सांगितली होती. कालनिर्णयवर रोज रात्री खूण करा, त्या दिवशी त्याने खाल्लं, ओळखीने बघितलं, दुखण्याविना झोपला तर हिरवी, नाहीतर लाल. लाल जास्त व्हायला लागल्या की मला फोन करा. जानेवारीच्या पानावर लाल खुणा नऊ. फेब्रुवारीच्या पहिल्या सात दिवसांतच पाच. त्या दिवशी फोन करायला हवा होता. मी केला २४ तारखेला. मधले सतरा दिवस मी थांबले. एका संध्याकाळी त्याने माझ्या बोटावरचं दही दोनदा चाटलं, तर मी हिरवी खूण केली आणि त्यानंतर रात्रभर तो कण्हत होता. ते पान अजून माझ्याकडे आहे. तुम्ही म्हणता मी घाई केली. माझ्या मनाला जे खातं ते उलटं आहे. ते सतरा दिवस मी माझ्यासाठी घेतले आणि भोगले त्याने.

तुमचं एक म्हणणं मात्र पुरतं खरं आहे. म्हातारं झालं, घाण करतं, म्हणून कुत्र्याला रात्री गाडीतून नेऊन रस्त्यावर सोडणारी माणसं आहेत, परभणीत मी पाहिलीत. धडधाकट म्हाताऱ्या कुत्र्याला कंटाळून सुई मागणारेही असतील. चांगला डॉक्टर त्यांना दारातून परत पाठवतो, आणि तसंच व्हायला हवं. तुमचा राग त्यांच्यावरचा असेल तर मी तुमच्या बाजूला आहे.

संतांचं तुम्ही काढलंत म्हणून लिहिते. नामदेव महाराज आमच्या शेजारच्या नर्सीचे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आमच्या आजीने आम्हाला शंभरदा सांगितली. पैठणच्या नाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेलं गंगेचं पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतलं. या गोष्टींत सुई द्यावी की नाही याचं उत्तर नाही, आणि संतांच्या आडोशाला उभं राहून मी स्वतःचा निर्णय खरा करणार नाही. पण आपल्या पुण्याचं काय होईल याचा हिशेब त्या दोघांनी त्या क्षणी केला नाही, एवढं मला त्यांत दिसतं.

मारलं म्हणालात, तर कसं गेला तेही सांगते. लिंबाखाली त्याची गोधडी अंथरली होती. पहिलं इंजेक्शन फक्त गुंगीचं. दहा मिनिटांत मान माझ्या मांडीवर जड झाली, जीभ थोडी बाहेर आली, कण्हणं थांबलं. किती दिवसांनी थांबलं होतं. मग डॉक्टरांनी पुढच्या पायाची शीर धरून भूल देण्याचंच औषध जास्त प्रमाणात दिलं. माझा तळवा त्याच्या बरगडीवर होता. दोन मिनिटंही लागली नाहीत. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की डोळे उघडेच राहतील, एखादा झटका येईल, घाबरू नका. डोळे उघडे राहिले. आबांनी डोक्याचा रुमाल सोडून त्यावर टाकला. औषध अंगात राहतं, कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरलं तर त्यांनाही बाधतं, म्हणून खड्डा कमरेइतका खोल घेतला आणि वर बाभळीच्या काट्या दाबल्या.

आता 'आपसूक जातं' याविषयी. तुमची प्रतिक्रिया मी परवा आबांना मोठ्याने वाचून दाखवली. आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, ऐकताना सुपारी कातरत होते. त्या ओळीला अडकित्ता थांबला.

मी चौथीत असताना आमच्याकडे मोत्या होता. म्हातारा झाला आणि एक दिवस दिसेनासा झाला. आबांनी तेव्हा आम्हा भावंडांना सांगितलं होतं, "गेला आपसूक. शहाणं जनावर व्हतं." मी तेच धरून मोठी झाले. तुमच्यासारखंच मीही दहा जणांना ते सांगितलं असेल.

परवा आबा म्हणाले, "आपसूक नव्हता गेला. चार दिसांनी घावला. वड्याच्या कडंला, येड्या बाभळीत. जिता व्हता. डोळ्याला मुंगळे लागले व्हते." त्यांनी मुंगळे काढले, ओंजळीने पाणी सोडलं, ते गालातून खाली गेलं. रुमालाने ऊन अडवून दिवस बुडेपर्यंत बसले. "कुदळ व्हती हातात. दोनदा उचलली. नाय झालं माझ्याच्यानं." मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

फेब्रुवारीत डॉक्टरांना फोन लावण्याआधी मी आबांना विचारलं होतं. मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. ते म्हणाले होते, "याला तसं नको." 'तसं' म्हणजे कसं, हे मी तेव्हा विचारलं नाही. तुम्ही रागावून लिहिलंत म्हणून मला ते पस्तीस वर्षांनी कळलं, त्यासाठी तुमची आभारी आहे.

आबांनी उरलेली प्रतिक्रिया शेवटपर्यंत ऐकली. सुई, संत, शहर, कशावरच काही म्हणाले नाहीत. सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "त्या दादाची कुत्री पानी पेऊन ओकती का, तेवढं इचार त्येला."

ओकत असेल तर उद्यावर टाकू नका, काका.