पुढचा ब्रेक सैल करू नका: ‘सात नियमां’च्या मेसेजला उत्तर

‘थंडी-पावसात सायकल चालवण्याचे सात नियम’ हा मेसेज सध्या प्रत्येक सायकल ग्रुपवर फिरतोय. वाचून सोडून देता आला असता. पण तो वाचून जवळच्याच एका नवख्या मुलीनं पुढच्या ब्रेकची केबल सैल करून टाकली, म्हणून हे उत्तर. सातपैकी एकही नियम जसाच्या तसा पाळण्यासारखा नाही. दोन-तीन ठिकाणी अर्धं खरं आहे, तेही सांगतो.

आधी तिसरा नियम, कारण त्यात हाडं मोडतील. मेसेज म्हणतो: “ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक लावला तर तोंडावर आपटाल. केबल सैल ठेवा, फक्त मागचा वापरा.”

ब्रेक लावला की भार पुढे सरकतो. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं, आणि ज्या चाकावर भार त्याचीच पकड. रस्ता भिजला म्हणून हे उलटं होत नाही. हिशेबच करू. दोन आसांमधलं अंतर १ मीटर, स्वारासकट सायकलीचा गुरुत्वमध्य १.१ मीटर उंचीवर, ब्रेक लावण्याआधी ५७ टक्के भार मागच्या चाकावर आणि ओल्या डांबराचा घर्षणांक ०.४ धरा. ताशी ३० किमी वेगात फक्त मागचा ब्रेक, तोही चाक न अडकता पकडीच्या अगदी टोकापर्यंत लावला, तरी थांबायला सुमारे २२ मीटर लागतात. दोन्ही ब्रेक तसेच पुरेपूर लावले तर ९ मीटर. इतकं काटेकोर कुणालाच जमत नाही, हे मान्य. पण पाऊणच जोर लावला तरी १२ मीटरमध्ये सायकल थांबते. मागच्याच ब्रेकवर विसंबलात तर १० मीटर जास्त, म्हणजे सहा सायकली एकामागे एक उभ्या राहतील एवढं अंतर. ब्रेक दाबेपर्यंत जाणारा वेळ यात धरलेलाच नाही. त्या वेगात सेकंदाला ८ मीटर जातात.

आणि तोंडावर आपटण्याची भीती तर मुळातच चुकीच्या जागी आहे. याच मापांनुसार मागचं चाक उचलून कोलांटी व्हायला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ५२ टक्के इतकी मंदगती लागते. ओल्या रस्त्यावर ४० टक्क्यांच्या वर पकडच मिळत नाही. तिथे पोहोचण्याआधीच चाक घसरतं. कोलांटी हा कोरड्या रस्त्यावरचा धोका आहे.

एक गोष्ट खरी: पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही, मागचं घसरलं तर मिळतो. त्यावर उपाय ब्रेक लावण्याच्या पद्धतीत आहे. वळणाआधी, सायकल सरळ असताना वेग कमी करा. वळणात ब्रेक सोडलेला असू द्या. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, ओली पानं यांच्यावरून जाताना सायकल उभी ठेवा, ब्रेकला हात नको. रेल्वेचे रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. बूड थोडं मागे न्या, दोन्ही लिव्हर हळूहळू दाबत जा. मागचं चाक सरकायला लागलं तर ती खूण समजा आणि दोन्ही ब्रेक किंचित सोडा. मोकळ्या, सपाट, ओल्या जागेवर ताशी १५ किमीपासून याचा सराव करा.

रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कड्याला, म्हणजे रिमला, रबरी पॅड दाबून थांबवणारे) असतील तर चाकाचे पहिले एक-दोन फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात. त्यामुळे उतारावर पॅड मधूनमधून रिमला हलके टेकवत राहा. पावसातून आल्यावर पॅड काढून बघा. त्यात रुतलेले ॲल्युमिनियमचे कण टाचणीनं उकरले नाहीत, तर ते पॅड रिमला कानशीसारखे घासत राहतात. डिस्क ब्रेकला हा उशीर कमी लागतो, पण रेझिन पॅड चिखलपाण्यात भराभर झिजतात. धातुमिश्रित पॅड जास्त टिकतात. आणि बधिर बोटांनी कुठलाच ब्रेक नीट दाबला जात नाही. हातमोजेही ब्रेकचाच भाग समजा.

पहिला आणि दुसरा नियम एकत्र घेतो, कारण दोघांना एकच उत्तर आहे. “हवा ठासून भरा म्हणजे टायर पाणी कापतो” आणि “गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगतो, खोल खाचा हव्यात.” टायर पाण्यावर तरंगण्याचा अभ्यास नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी विमानांच्या टायरवर केला आणि १९६३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यातलं सूत्र साधं आहे: पीएसआयमधल्या (पौंड प्रति चौरस इंच) दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, म्हणजे टायर तरंगायला लागण्याचा वेग, नॉटमध्ये. ६४ पीएसआयला तो ७२ नॉट येतो, म्हणजे ताशी १३३ किमी. दाब वाढवला की हा वेग वाढतो हे खरं, मेसेजमधलं अर्धसत्य तेवढंच. पण सायकल त्या वेगाच्या आसपासही जात नाही. वर तिचा टायर अरुंद आणि गोल, पाणी तो बाजूला सारतोच. जो धोका नाही तो टाळण्यासाठी खरी पकड घालवायची, असा हा सल्ला आहे. कडक टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो, आणि चाक हवेत असताना पकड शून्य. २८ मिमीच्या टायरमध्ये कोरड्या दिवसापेक्षा ५ ते १० पीएसआय कमी ठेवा. हूकलेस रिम (टायर धरून ठेवणारी आतली आकडी नसलेली) असेल तर ५ बारची, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयची, मर्यादा ओलांडायचीच नाही. थंडीनं दाब आपोआपही उतरतो: २५ अंशांच्या खोलीत ८० पीएसआय भरलेला टायर ५ अंशांत ७४ च्या जवळ येतो. तो धरून हिशेब करा. खाचांपेक्षा रबराचा मऊपणा महत्त्वाचा. जुना, कडक झालेला टायर बदला.

चौथा: “पावसानंतर चेनवर डब्ल्यूडी-४० मारलं की काम झालं.” अर्धं काम होतं. ते पाणी हटवतं, नावातली पहिली दोन अक्षरं (‘वॉटर डिस्प्लेसमेंट’) त्यासाठीच आहेत. पण चेनला लागणारं टिकाऊ वंगण ते नव्हे. चेन फडक्यानं पुसा, स्प्रे फडक्यावर घेऊन फिरवा, पूर्ण वाळू द्या. मग ओल्या हवेसाठीचं जाड तेल प्रत्येक रोलरवर एकच थेंब टाका, पेडल उलटं फिरवा, थोडा वेळ थांबा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. बाहेर राहिलेल्या तेलावर वाळू चिकटते आणि चेन लांबते. अकरा-बारा गिअरच्या चेनची लांबी ०.५ टक्के वाढली की ती बदला. स्प्रे थेट मारू नका: त्याचा फवारा डिस्कवर बसला तर मागचा ब्रेकही गेला. पुढचा तुम्ही सैल केलेलाच आहे.

पाचवा, आत सुती बनियन. सुती कापड घाम टिपतं आणि धरून ठेवतं. पाव लिटर पाणी अंगावर वाळवायला सुमारे १४५ किलोकॅलरी उष्णता लागते, आणि कापड अंगाला चिकटलेलं असल्यानं त्यातली बरीच अंगातूनच जाते. त्यात ५ अंशांत ताशी ३० किमीचा वारा लागला की गारवा शून्य अंशासारखा जाणवतो. आत घट्ट बसणारं मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचं कापड घाला. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर एक थर जास्त झालाय.

सहावा, “निघण्याआधी घोटभर ब्रँडी.” हे पुढे पाठवणाऱ्यांचा राग येतो. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर जाते. अंग गरम ठेवणारी थरथरही मंदावते. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की जिवाशी गाठ असते. तोल आणि अंदाज बिघडतो ते वेगळंच.

सातवा, थंडीत पाणी नको. हवं. तहान कमी लागते, पण घाम आणि श्वासावाटे पाणी जातंच, आणि थंडीत लघवीही जास्त होते.

ज्यांनी केबल सैल केली आहे त्यांच्यासाठी, रिम ब्रेक धरून: पॅड रिमच्या मधोमध बसवा, टायरला लागता कामा नयेत. दोन्ही बाजूंचं मिळून अंतर ३ ते ४ मिमी ठेवून केबल ओढा आणि बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटरनं घट्ट करा. मग लिव्हर दहा वेळा हँडलपर्यंत जोरात ओढून बघा. केबल सरकली तर पुन्हा ताणा आणि पुन्हा दहा वेळा ओढा.