पुढचे पाठ, मागचे सपाट: शब्दवहीचे शास्त्र

पाचवी ते आठवीतल्या मुलाची इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवायचे तुम्ही मनावर घेतलेच असेल, तर सर्वात आधी दोनशे पानी वही आणा. डोक्यात गेलेले शब्द कुणाला दिसत नाहीत. वहीतले पालकसभेत दाखवता येतात.

रोज दहा शब्द. धड्यातले नकोत, ते लगेच उपयोगी पडण्याची भीती असते. डिक्शनरी पहिल्या पानावर उघडा आणि ओळीने उतरवत चला. एकाच अक्षराने सुरू होणारे, एकसारखे दिसणारे शब्द एका दिवशी कोंबले की ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. जोड्यांनीही हेच साधते. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ शेजारीशेजारी शिकवा. दोन्ही शब्द मुलाच्या ओळखीचे होतील आणि उसने मागताना नेमका चुकीचा तोंडात येईल. आज एक, तो पक्का झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी दुसरा, असे कुणी सुचवले तर दुर्लक्ष करा.

मायकेल वेस्ट नावाच्या गृहस्थांनी ढाक्याला शिक्षक घडवण्याचे काम केले आणि १९५३ साली सुमारे दोन हजार नित्याच्या इंग्रजी शब्दांची यादी छापली. साध्या मजकुरातले बहुतेक शब्द एवढ्यातच येतात. म्हणूनच ही यादी घरात येऊ देऊ नका. ‘इनफ’, ‘ऑलदो’, ‘इन्स्टेड’ असले किरकोळ शब्द पाहुण्यांसमोर म्हणवून घेण्यात कसली शोभा?

आता स्पेलिंग. प्रत्येक दहा वेळा लिहायला लावा. मुले यात वाकबगार असतात: आधी एकाखाली एक दहा ‘बी’, मग दहा ‘ई’, मग दहा ‘ए’, असे उभे रकाने भरत ‘ब्युटिफुल’ हा शब्द एकदाही न लिहिता दहा वेळा लिहून होतो. शब्द पाहायचा, झाकायचा, आठवून लिहायचा आणि ताडून बघायचा ही पद्धत कटाक्षाने टाळा. तिने तीन-चार वेळांत काम उरकते, मग उरलेली संध्याकाळ मूल खेळण्यात घालवेल.

अर्थाच्या बाबतीत एक शब्द, एक मराठी अर्थ, तोही पुस्तकातल्या दोन ओळींच्या मध्ये पेन्सिलीने बारीक लिहिलेला. सेमी-इंग्रजीच्या मुलांना तर हा नियम फारच मानवतो. ‘व्हॉल्यूम’ म्हणजे आवाज. टीव्हीच्या रिमोटवरच लिहिलेय. गणितात इष्टिकाचितीचा व्हॉल्यूम काढायला सांगितला की मुलाने खुशाल खोक्याला कान लावावा. ‘प्रॉडक्ट’ दुकानात मिळते, त्याचा गुणाकाराशी काय संबंध? ‘सोल्यूशन’ गणितात उकल आणि विज्ञानात द्रावण. ‘पॉवर’ तर संख्येच्या डोक्यावर बसलेला घातांकही असतो, विज्ञानातली शक्तीही असते आणि आपल्याकडे पावसाळ्यात जाते तीही असते. गणिताचे सर म्हणतात, हे इंग्रजीच्या बाईंचे काम. बाई म्हणतात, हा शब्द आमच्या पुस्तकात नाही. दोघेही खरेच बोलतात. धडा सुरू करण्यापूर्वी त्यातले पाच-सहा शब्द फळ्यावर लिहिले, एका बाजूला रोजचा अर्थ, दुसऱ्या बाजूला विषयातला, खाली दोन्हींची एकेक वाक्ये, तर सगळे पाच-दहा मिनिटांत होते. पण मग पेपरात मुलाचे अडले कुठे, गणितात की इंग्रजीत, हे कळून येईल आणि ‘गणितात कच्चा’ हा सुटसुटीत शेरा वाया जाईल.

शब्दांची कुटुंबे जमवू नका. ‘ॲक्ट’, ‘ॲक्टर’, ‘ॲक्शन’, ‘ॲक्टिव्ह’ हे चार वेगळे शब्द म्हणूनच शिकवा. एकदा शब्दाला शेपटी कशी लागते ते मुलाला उमगले, की ते न शिकवलेले शब्दही ओळखू लागते, आणि त्यांची वहीत नोंद कुठे करणार?

उजळणी अजिबात नको. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले: पाठ केलेल्यापैकी सर्वाधिक गळती पहिल्या काही तासांतच होते. त्यांनी पाठांतरासाठी निरर्थक अक्षरगट घेतले होते. आपल्या वहीतले शब्द त्याहून फार निराळे वाटू नयेत एवढे बघा. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून चिठ्ठ्या करणे, पुढे शब्द, मागे वाक्य, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने पुन्हा विचारणे, चुकलेली चिठ्ठी पहिल्या गठ्ठ्यात परत टाकणे हे असले उद्योग करणाऱ्या घरात शब्द उगाच टिकून राहतात.

वाचायला पुस्तक द्यायचेच तर शंभर शब्दांत वीस अडतील असे जाडजूड निवडा. पाचाहून कमी अडले तर मूल गोष्टीत रमते आणि शब्द नकळत उचलते, म्हणजे श्रेय वहीला मिळत नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पायऱ्यापायऱ्यांनी अवघड होत जाणाऱ्या गोष्टी आहेत, इंग्रजी आणि मराठी दोन्हींत. पण त्या फुकट आहेत, त्यामुळे क्लासवाल्यांशी बोलून मगच ठरवा.

शनिवारी परीक्षा घ्या, ज्या क्रमाने शब्द दिले त्याच क्रमाने. ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न शक्यतो गाळा. विचारलाच, तर सर्व शब्दांना चालणारे एक वाक्य आधीच पाठ करून ठेवावे: ‘धिस इज अ ब्युटिफुल’, ‘धिस इज अ बॉरो’, ‘धिस इज अ ऑलदो’. शाई निळी आणि अक्षर वळणदार असेल तर तपासणारा सहसा अडवत नाही.