सगळ्यांच्या पाठीवर ४२

परवा कट्ट्यावर सुन्याने मोबाइल पुढे केला. न्यू जर्सीहून भावाने व्हिडिओ पाठवला होता. बेसबॉलची मॅच, आणि दोन्ही टीमच्या एकूणएक खेळाडूच्या पाठीवर ४२. अंपायरच्या बाहीवरसुद्धा!

"जॅकी रॉबिन्सनचा दिवस," सुन्या म्हणाला. १५ एप्रिल १९४७ ला तो ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि कित्येक दशकं गोऱ्यांपुरती ठेवलेली मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतलं सर्वांत वरचं बेसबॉल, काळ्या खेळाडूंना खुली झाली. १९९७ मध्ये त्याचा नंबर सगळ्याच टीमनी कायमचा बाजूला काढला. आता वर्षातून याच दिवशी सगळे तो घालतात.

अण्णा मैदानावर पोरांचं उन्हाळी शिबिर घेतात. ते लगेच म्हणाले, "आज सकाळीच सांगितलं पोरांना. समोरची टीम घाणेरड्या शिव्या देत होती, पण पठ्ठ्या एका शब्दाने उलटला नाही. संयम शिकावा तर त्याच्याकडून."

वैशाली उसळलीच. "अण्णा, ही अर्धीच गोष्ट झाली. गप्प राहायचं ही डॉजर्सचा कारभार बघणाऱ्या ब्रँच रिकीने घातलेली अट होती. त्याचा मूळ स्वभाव बघायचा तर १९४४ बघा. सैन्यात असताना बसमध्ये मागे जाऊन बस म्हणाले, हा हलला नाही. कोर्ट मार्शल झालं, निर्दोष सुटला. पुढे अट सरल्यावर मैदानात तोंडावर बोलायला लागला, आणि १९४९ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला."

"अगं, पण ती पहिली वर्षं दात आवळून काढली म्हणूनच पुढचं बोलणं ऐकलं गेलं ना?" अण्णांचा हा मुद्दा बिनतोड होता. मलाही क्षणभर पटला.

पिंट्या मध्येच म्हणाला, "आपल्या क्रिकेटमधल्या पालवणकर बाळूंनी दलित म्हणून काय कमी सोसलं? पुण्यात त्यांच्या बोलिंगवर मॅचेस जिंकायच्या आणि चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात. कप्तानपद द्यायला मंडळी तयारच नव्हती. १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले तेव्हा कुठे."

"तेच म्हणतेय मी," वैशालीचा चहा तसाच निवत होता. "ऑक्टोबर १९७२. सिनसिनाटीत वर्ल्ड सिरीजची, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतीची मॅच, जॅकीचा सत्कार. मधुमेहाने नजर जवळजवळ गेलेली. आभार मानून गप्प बसता आलं असतं. तर हा म्हणाला, तिसऱ्या बेसच्या बाजूला एखादा काळा मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य प्रशिक्षक, उभा दिसेल तेव्हा मला जास्त आनंद होईल. भर सत्कारात! पोरांनी नुसतं सोसणंच का शिकायचं?"

"मग झाला का कुणी मॅनेजर?" पिंट्या.

"फ्रँक रॉबिन्सन, क्लीव्हलंडला, १९७५ मध्ये. जॅकी त्या सत्कारानंतर नऊ दिवसांत गेला."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून शिबिराची वही काढून म्हणाले, "ते बसचं साल कुठलं म्हणालीस?"