बाथमध्ये घाण होती की नव्हती?

एमएच्या पेपरची उत्तरतालिका लागली आणि माझा एक मार्क गेला. मार्काचं एवढं नाही हो, पण ज्या प्रश्नावर गेला तो बघा : 'हम्फ्री क्लिंकर या कादंबरीत बाथ शहर कसे दाखवले आहे? अ) रमणीय ब) गलिच्छ क) निर्मनुष्य ड) यांपैकी नाही.' बाथ म्हणजे इंग्लंडमधलं औषधी गरम झऱ्यांचं गाव. टिक एकच करता येते. मी 'ब' केली. बरोबर उत्तर म्हणे 'अ'.

टोबायस स्मॉलेटची 1771 सालची ही कादंबरी म्हणजे सगळी प्रवासातली पत्रं. गाउटच्या सांधेदुखीने वैतागलेला मॅथ्यू ब्रँबल, त्याची बहीण टॅबिथा, भाचा, भाची आणि मोलकरीण असं लटांबर बाथ, लंडन करत थेट स्कॉटलंड गाठतं आणि जो तो आपापल्या माणसाला आपापलं गाऱ्हाणं लिहितो. बाथमध्ये ब्रँबलला नाचाच्या दालनातल्या वासाने भोवळ येते. औषधी म्हणून पितोय ते पाणी लोकांच्या आंघोळीचं तर नसेल, या शंकेने त्याला मळमळतं. भाची लिडियाला तेच बाथ भूलोकीचा स्वर्ग वाटतं. सगळी गंमत इथेच आहे, आणि नेमके तिचेच पर्याय पाडून ठेवले!

पण त्याहून डोक्यात गेले ते काका. बँकेतून रिटायर झालेले, वेळ जावा म्हणून एमए करणारे. पेपर सुटल्यावर रसाच्या गाड्यापाशी गाठलंच त्यांनी.

"ताई, बाथचं काय केलंत?"

"गलिच्छ."

काकांनी ग्लास खाली ठेवला. "काय सांगता! आमचे जावई मे महिन्यात जाऊन आलेत." लगेच मोबाइल निघाला. पिवळसर दगडी इमारती, हिरवंगार पाणी आणि मधोमध पोटावर पाउच बांधलेले जावई. बोटांनी फोटो मोठा करत काका म्हणाले, "दाखवा, कुठे आहे घाण?"

"काका, गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वीची—"

"मग तर आणखीच स्वच्छ. तेव्हा प्लास्टिक कुठे होतं?"

"पुस्तक वाचलंत का?"

"छे! वाचलं की गोंधळ होतो. बरं, 'कादंबरीत पत्र कोण लिहीत नाही' या प्रश्नाला मी टॅबिथा दिलं. त्या काळी बाईमाणूस कुठलं लिहितंय?"

टॅबिथा चांगली खरमरीत पत्रं लिहिते. लिहीत नाही तो खुद्द हम्फ्री. बिचारा कथा बरीच पुढे गेल्यावर उगवतो, तोही फाटक्या तुमानीत. काकांचा तो मार्क गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

हरकत घ्यायची तर दर प्रश्नाला फी, तीही आगाऊ. म्हणजे पेपर काढणाऱ्याने पुस्तक उघडायचं नाही आणि दंड मी भरायचा. भरला. ब्रँबलचं आणि लिडियाचं, दोन्ही पत्रं स्कॅन करून जोडली. काल शेरा आला : 'सादर केलेले पुरावे परस्परविरोधी असल्याने हरकत अमान्य. शुल्क परत मिळणार नाही.'